सोड म्हटलं की सोडायचं

मंगळवार, ४ मार्च

आज नळावर रक्त! शिंपीण आणि गॅसवाली. बादली कोणाची आधी, एवढंच कारण. गॅसवालीनं शिंपिणीचे केस मुठीत धरून तिचं तोंड तोटीवर आपटलं, तर वरचा दात ओठातून बाहेर आला. शिंपीण तरी कुठं कमी — तिनं हिच्या मनगटाचा असा चावा घेतला की आतलं पांढरं दिसलं. दोघींचे नवरे धावत आले. मला वाटलं सोडवायला. छे! सामील व्हायला!

मी वर खिडकीत भाजी निवडत होते. ताट बाजूला सारलं, गज धरले आणि ओरडले — सोड!

सोडलं! चौघांनी, जागच्या जागी. हात उघडे करून उभे राहिले, शाळेत नखं तपासायला उभं करतात तसे.

आमच्या पुलाखालच्या गल्लीची ही जुनी रीत. राग आला तर मारामारी करा, कोणी अडवणार नाही. पण गल्लीतलं सगळ्यात म्हातारं माणूस 'सोड' म्हणालं की हातात असेल ते सोडायचं. केस असोत, गळा असो, वीट असो. कोण चुकलं ते मागून बघू. आधी माझे सासरे म्हणायचे, मग लोहारकाका. काका गेले तेव्हा मी पोटभर रडले, आणि रडता रडता ध्यानात आलं — अगं, आता तूच की! जन्मभर मला सगळ्यांनी 'तू गप्प बस' म्हटलं. वडिलांनी, नवऱ्यानं, रेशनवाल्यानं. आता माझ्या एका शब्दावर चार माणसं हात उघडतात! दुसरीत शाळा सुटलेल्या बाईनं आणखी काय मागावं.

सूनबाई म्हणाली, "आई, काय आवाज हो तुमचा, फाटका भोंगा! मागून ऐकलं तर चौकीतल्या मॅडमच आल्या वाटतं."

खाली दुकानातून मुलगा खो खो हसला. मी मुळीच रागावले नाही. मॅडमना तीन तारे आहेत खांद्यावर.

गुरुवार, ६ मार्च

आज नाही.

शनिवार, ८ मार्च

परवाचं आज लिहिते. दोन दिवस पेन धरवत नव्हतं.

भर दुपारी पोलीस आले. गाडी गल्लीत मावत नाही, म्हणून पुलाशी लावून चालत. पुढे मॅडम, मागे सहा-सात जण. शेवटच्याजवळ कुत्रा — काळा, वासराएवढा. सरळ आमच्या दुकानात. माझा मुलगा दुकानांचे बोर्ड आणि गाड्यांच्या नंबराच्या पाट्या रंगवतो. नाव आहे त्याला, पण सगळे पेंटरच म्हणतात, मीसुद्धा. चोरीची एक स्कूटर सापडली होती, तिची पाटी ताजी रंगवलेली. पाटीवरचा पाच आमच्या पेंटरचा. त्याच्या पाचाची शेपटी मांजरीसारखी वळते, तसा पाच सगळ्या गावात दुसरं कोणी काढत नाही.

मॅडम म्हणाल्या, "हा पाच तुझा?"

हा म्हणतो, "माझाच. झकास आलाय ना?"

मूर्ख! तिथंच पहिली बसली.

"स्कूटर कोणी आणली होती?"

"लोक पाटी आणतात साहेब. तिचा जन्मदाखला नाही आणत."

दुसरी बसली. त्यानं हात वर केला — मारायला की अडवायला, देव जाणे. मग काय! एका मिशीवाल्यानं त्याचे केस धरून त्याला डब्यांवरून ओढत बाहेर काढला. निळ्याचा मोठा डबा उलटला. दोघं पाठीवर दंडुके मारतायत, मिशीवाला केस सोडेना, हा निळा होऊन लोळतोय. गॅसवाला मध्ये पडला, त्याच्या कानशिलावर असा दंडुका बसला की तो खाली बसला आणि बसल्याबसल्याच ओकला. मॅडम पण ओरडत होत्या, कोणाला काय, काही कळत नव्हतं. सूनबाईनं एकाच्या पाठीवर उडी मारली. त्यानं तिला खांद्यावरून भिंतीवर फेकली.

मी खिडकीत. गज धरले आणि आतडी पिळून ओरडले — सोड! सोड! गल्लीनं उचललं. शिंपीण, गॅसवाली, पोरंसोरं, सगळी एका सुरात — सोड! सोड!

कोणी सोडलं नाही. उलट कुत्राच अंगावर आला.

त्यानं माझ्या मुलाचा उजवा हात मनगटाच्या वर धरला आणि डोकं झटकलं. आपण ओलं फडकं झटकतो ना, तसं. पुन्हा. पुन्हा. हाड मोडल्याचा आवाज माझ्या खिडकीपर्यंत आला. निळं आणि लाल मिळून जांभळं झालं होतं सगळं. कुत्र्याचं तोंडसुद्धा.

दोन बोटं गेली. अंगठा वळणार नाही, डॉक्टर म्हणाले. पाच काढायला अंगठाच लागतो.

सगळ्या गल्लीसमोर माझा शब्द पहिल्यांदा फुकट गेला. बघा, मुलाचा हात गेला आणि म्हातारीला आपल्या शब्दाचं पडलंय! पण पडलंय, तर लिहिते.

मंगळवार, ११ मार्च

आमच्या पोरांनी चौकीवर दगड मारले. एका हवालदाराचं डोकं फुटलं, कवटीला तडा गेला म्हणतात. संध्याकाळी ते आले आणि समोर दिसेल त्याला झोडलं. शिंप्याच्या गुडघ्याची वाटी फुटली, तो तर बिचारा काजं करत बसला होता! "पुलाखालचे सगळे सारखे," असं म्हणत मारत होते. आमचे आजेसासरे पूल ओलांडून इथं आले. माझ्या नातीचे दात पडून नवे आले, तरी आम्ही अजून 'आलेले'च.

हसू नये, पण एक सांगते. पळापळीत आमचा निळ्याचा दुसरा डबा उलटला, त्यावरून मिशीवाला घसरला आणि बसला. जाताना मागून पूर्ण निळा! सूनबाईचं डोकं बांधलेलं, तरी ती आणि मी तोंडात पदर कोंबून हसलो.

शनिवार, १५ मार्च

पेंटर घरी आला. हात कोपरापर्यंत पांढरा. जिन्यावरच म्हणाला, "कुत्र्याला काय कळतं. ज्यानं सोडला त्याला मी सोडणार नाही."

जुना रंग खरवडायची पटाशी घेऊन दगडावर घासत बसला. डाव्या हातानं. घसरत होती, बोट कापलं, तरी घासतोच आहे. मला तो आवाज दातांत जातो.

हात गेला तो गेला. आता हा माणूस मारून आयुष्यभर आत बसेल की काय! हे कोणाला बोलत नाही, इथंच लिहिते.

गुरुवार, २० मार्च

एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. चष्मा कपाळावर, पिशवी खांद्यावर. म्हणाल्या, पोलिसांना आणि तुम्हाला एका खोलीत गोल करून बसवायचं. मध्ये टेबल नाही. एक वस्तू हातोहात फिरवायची, ती ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. काय झालं, कोणाला किती लागलं, आणि आता काय केलं म्हणजे बरं होईल — एवढंच विचारायचं. दुसऱ्या गावी अशानं दोन्हीकडची माणसं पुन्हा बोलायला लागली म्हणे.

गल्लीनं त्यांना नको नको ते ऐकवलं. शिंपीण म्हणाली, "माझ्या नवऱ्याचा गुडघा पण गोल फिरवता का?" कोणीतरी उष्टं पाणी टाकलं त्यांच्या अंगावर. बाईंनी चष्मा पुसला आणि तिथंच उभ्या! मला आवडल्या. शिवाय स्वतः पण चांगल्याच गोल आहेत. मी त्यांचं नाव गोलबाई ठेवलं.

मी विचारलं, "वस्तू हातात असेपर्यंत मध्येच कोणी तोडणार नाही?"

"कोणी नाही, आजी."

"मॅडम पण नाही?"

"मॅडम पण नाही."

मी म्हटलं, येते!

रविवार, २३ मार्च

आज पहिला गोल! आगीच्या बंबवाल्यांच्या वरच्या खोलीत. त्यांच्यावर दोन्हीकडचा राग नाही म्हणून. आमचे चार, पोलीस चार, गोलबाई. फिरवायला मी पेंटरचा चार बोटी ब्रश नेला होता, त्या दिवशीचा. निळा वाळून दगड झालेला.

मी आधी बोलले. हात सांगितला, आवाज सांगितला, ओलं फडकं सांगितलं. मग माझं लग्न कसं झालं ते सांगितलं, लोहारकाकांचा दमा, रेशनवाला. मध्येच वाटलं, अगं बाई, कुठं पोचलीस! पण कोणी तोडलं नाही! मिशीवाल्याला जांभई आली तर त्यानं तोंड मिटून नाकानं दिली. इतकं समाधान मला बाळंतपणातसुद्धा झालं नव्हतं.

मॅडमनी ब्रश दोन बोटांत धरला. म्हणाल्या, "मी कुत्रा सोडायचा हुकूम दिला नव्हता. मी माणसांना मागे घेत होते. एवढंच बोलायचंय." त्यांच्या विजारीवर निळे कण पडले, झटकले तर आणखी पसरले.

कुत्रेवाला अगदी कोवळा. मान खाली. ब्रश हातात घेतला, धरून बसला, तसाच पुढे दिला.

मग खाली घंटा वाजली आणि बंब असा ओरडत निघाला की आम्ही सगळेच खुर्च्यांवरून उडालो. दोन्हीकडचे! हसायला पण एकदमच आलं आणि लाज पण एकदमच.

घरी सांगितलं तर पेंटर म्हणाला, "माझा ब्रश त्यांच्या हातात दिलास?" आणि ताट भिंतीवर मारलं.

रविवार, ३० मार्च

आज कुत्रेवाला बोलला. ब्रश छातीशी धरून. "मी मनानं सोडला नाही. मला हुकूम ऐकू आला. स्पष्ट ऐकू आला." चौकशी लागली आहे त्याच्यावर. चौकीत त्याला सगळे थापाड्या म्हणतात. कोणीतरी त्याच्या बुटात मुतलं. मिशीवाल्यानं खाली बघितलं, म्हणजे कोणी ते कळलंच.

मॅडम म्हणाल्या, "मी हुकूम दिला नाही." दोघंही खरं बोलतायत असं तोंडावरून वाटे. हे कसं होईल?

घरी येऊन पेंटरला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे हुकूम बाईनंच दिला आणि आता त्या पोरावर ढकलते." थोड्या वेळानं म्हणतो, "पुढच्या रविवारी मी पण येतो."

येतो म्हणाला! मी सूनबाईला मिठीच मारली. तिनं विचारलं, "आई, त्याचा डोळा बघितलात का?" मी म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

रविवार, ६ एप्रिल

लिहिते. सगळं लिहिते. नीट, क्रमानं.

पेंटर आला. नवा शर्ट, बांधलेला हात गळ्यात. गोलबाईंनी त्याला मॅडमच्या समोर बसवलं, कुत्रेवाला बाजूच्या खुर्चीत. त्या पोरानं उठून नमस्कार केला. पेंटरनं बघितलं नाही.

ब्रश कुत्रेवाल्याकडे गेला. गोलबाईंनी विचारलं, "हुकूम कोणत्या शब्दात आला होता?"

तो म्हणाला, "आमच्यात एकच शब्द असतो. 'सोड.' सोड ऐकलं की आमची बोटं आपोआप उघडतात आणि कुत्रा झेपावतो, विचार करायचा नाही, दोघांना तसंच शिकवतात. त्या दिवशी खूप लोक ओरडत होते, पण सगळ्यात आधी एकच आवाज आला. बाईचा. मॅडमचाच वाटला."

मी ऐकलं. ऐकलं आणि तरी कळलं नाही! माणसाचं डोकं कसं असतं बघा. सूनबाईला कळलं, तिनं माझा गुडघा गच्च धरला.

पेंटर उठला. "बाईचा," म्हणाला. "म्हणजे तुझाच." गळ्यातल्या फडक्यातून पटाशी काढली आणि मॅडमवर गेला. इतका पटकन! खुर्चीसकट त्यांना पाडलं. पहिला वार गालावर, कानापासून ओठापर्यंत, दार उघडावं तसा गाल उघडला. मॅडमनी हात मध्ये घातला तर पटाशी तळव्यात रुतली. दातांवर घासल्यासारखा आवाज आला. मिशीवाला दंडुका शोधतोय, दंडुका तर खाली ठेवायला लावलेला. कुत्रेवाल्यानं मागून झेप घेऊन पेंटरचा डावा दंड पकडला. पेंटर त्याला ओढत नेतोय, पटाशी मॅडमच्या गळ्याशी, वीतभर, बोटभर —

आणि मी ओरडले. मला ओरडायचं हे ठरवावं लागत नाही, ते आतून येतं. — सोड!

पेंटरची मूठ उघडली. पटाशी खाली पडली, खण्णकन. जन्मल्यापासूनची सवय ती.

आणि त्याच क्षणी कुत्रेवाल्याचे हात उघडले. पेंटरचा दंड सुटला. दोघंही हात उघडे करून उभे, शाळेत नखं दाखवायला उभं करतात तसे.

कुत्रेवाला वळला. मॅडमकडे नाही. माझ्याकडे. पांढराफटक. म्हणाला, "हाच. हाच आवाज."

सोमवार, ७ एप्रिल

माझा शब्द त्या दिवशी चालला होता.

शनिवार, १२ एप्रिल

पेंटरला आत ठेवलं होतं, काल जामिनावर आला. बरगड्या निळ्या, एक डोळा बंद. हे कोणी केलं ते विचारायला नको. मॅडमना गालावर टाके, हाताच्या दोन नसा तुटल्या.

माझ्याशी बोलत नाही. ताट घेऊन जिन्यात बसतो. मी जिन्यातून उतरले तर भिंतीकडे तोंड करतो. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना निदान उत्तर देता येतं.

सूनबाई म्हणते, "तुम्हाला काय ठाऊक होतं, आई?" बरोबर आहे. मला काही ठाऊक नव्हतं. पण त्याला हात नाही, हे पण बरोबर आहे.

बुधवार, १६ एप्रिल

आज गल्लीत गॅसवाला आणि शिंप्याचा भाऊ. नळावरच. गॅसवाल्यानं त्याला खाली पाडून छातीवर बसून मारलं. मग सगळी गल्ली माझ्या खिडकीकडे बघायला लागली. माना वर, सगळ्यांच्या. शिंप्याच्या भावाचीसुद्धा, मार खाता खाता.

मी खिडकी लावून घेतली.

कोणी सोडलं नाही. कोणाला सोडायचं कसं तेच ठाऊक नाही! गॅसवाल्यानं त्याचा कान दातांनी तोडला आणि थुंकला. पोरींनी कानाचा तुकडा शोधून डब्यात घालून दवाखान्यात नेला. शिवला म्हणे, पण धरतो की नाही बघायचं.

मी आत भिंतीला टेकून बसले होते. घशात शब्द होता. गिळला. कडू असतो.

रविवार, २७ एप्रिल

मला वाटलं गोल संपला. कोण येणार आता? मी आपली सवयीनं गेले, बंबवाल्यांशी चार गप्पा मारीन म्हटलं. तर मॅडम बसलेल्या! गालावर टाक्यांची रांग, हात झोळीत. गोलबाई. कुत्रेवाला. मिशीवाला दारापाशी, या वेळी उभाच. आणि मागून पेंटर आला, माझ्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची घेतली.

ब्रश मॅडमकडे. म्हणाल्या, "मी कोणाला माफबिफ केलेलं नाही. हे आधी ऐका. खटला होणार. मी कोर्टात सांगीन की यानं मला कापलं. आणि हेही सांगीन की म्हातारी ओरडली तेव्हा यानं पटाशी सोडली. दोन्ही खरं आहे." मग ब्रश मांडीवर ठेवला. "त्या दिवशी दुकानात पहिली कानफटात मी मारली. तो पाचावरून हसला म्हणून. त्याचा कुठल्या कागदात उल्लेख नाही. मी या पोराला पण खोटारडा म्हटलं, कारण मला स्वतःला वाचवायचं होतं."

 पेंटरकडे ब्रश आला तर त्यानं डाव्या हातात धरला, वाळलेला रंग नखानं उकरला, पुढे दिला.

माझ्याकडे आला. मी! मला शब्द सुचेना. शेवटी म्हटलं, "मी आता ओरडत नाही. तुमचा शब्द तुम्ही ठेवा. हा गल्लीत परत म्हणायचा नाही."

मॅडम एकदम भडकल्या. ब्रश हातात नसताना! "आजी, तुमच्या गल्लीत गेल्या आठवड्यात कान तुटला. आधी कधी तुटला होता? तुमचा शब्द जुना की आमचा?" गोलबाईंनी ओठांवर बोट ठेवलं तरी थांबेनात. "कुत्र्याचा शब्द बदलायचा. मी वरती लिहून पाठवलंय. आमच्या बावीस माणसांना पण दुसरा शब्द शिकवायचा."

कुत्रेवाल्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला. "मॅडम, कुत्रा एक-दीड महिन्यात शिकेल. माणसांचं सांगता येत नाही."

मिशीवाला हसला. मग आम्ही सगळेच. पेंटर सोडून.

शुक्रवार, ९ मे

कुत्रेवाला रोज सकाळी नदीकाठी कुत्र्याला शिकवतो. मी फिरायला म्हणून जाते आणि लांबून बघते. तो काहीतरी पुटपुटतो, मग कुत्रा सुटतो. मग दुसरा एकजण मुद्दाम ओरडतो — सोड! सोड! — आणि कुत्रा धावला की त्याला ओढून परत बसवायचं. पुन्हा. पुन्हा. सवय जाता जात नाही बिचाऱ्याची. एकदा तर त्यानं कुत्रेवाल्याच्याच मांडीचा तुकडा काढला.

मी विचारलं, "नवा शब्द काय रे?"

"गुपित आहे, आजी."

"मला सांग की! मी कोणाला सांगायला जातेय?"

"तुम्हालाच तर सांगायचा नाही!" आणि असा हसला! मला राग यायला हवा होता. आला नाही. मांडीला हळद लाव म्हटलं.

पेंटर डाव्या हातानं पाच काढायला बसतो. शेपटी उलट्या बाजूला वळते. दिवसभर काढतो, खरवडतो, काढतो. माझ्याशी अजून शब्द नाही.

रविवार, १ जून

पलीकडच्या चौकीत आमचा एक पोरगा मेला. डबेवाल्याचा भाचा, जेमतेम वीस वर्षांचा. नेला तेव्हा चालत गेला, आणला तेव्हा त्याचं तोंड त्याच्या आईला ओळखू आलं नाही. गल्ली पेटलीय. विटा गोळा करून ठेवल्यात जिन्याखाली, मी मोजल्या नाहीत, पायऱ्या दिसत नाहीत एवढ्या. मॅडम त्या चौकीच्या नाहीत, पण कोण ऐकतंय? काल मिशीवाला बाजारात पोरांच्या तावडीत सापडला, त्याचा जबडा मोडला.

आज गोल नाही. गोलबाई फोनवर रडल्या. मी त्यांची समजूत काढली, आणि फोन ठेवल्यावर माझी समजूत काढायला कोणी नव्हतं.

मंगळवार, ३ जून

कुत्रेवाला एकटा गल्लीत आला, कुत्र्यासकट. मला सांगायला, गोल बुधवारी ठेवलाय म्हणून. वेडा! पोरांनी त्याला नळापाशी गाठला. पहिली वीट डोक्यात. खाली पडला, तरी पट्टा सोडला नाही. चौघं त्याच्यावर, पाचव्यानं वीट दोन्ही हातांनी वर उचललेली. मी गज धरले. तोंड उघडलं. घशातून हवा आली, शब्द आला नाही.

— सोड!

माझा नाही! खालून, दुकानाच्या दारातून. माझ्या मुलाचा. मी जिवंत असताना!

वीट पडली. पोरांचे हात उघडले. आणि रक्तानं आंधळ्या झालेल्या त्या वेड्याची बोटं जुन्या सवयीनं उघडली. पट्टा सुटला.

कुत्रा बसूनच राहिला.